एकच किंकाळी, दोन इमारती: ‘सिगाव’चा ‘दि एको’ होताना

याम लारानास या फिलिपिनो दिग्दर्शकाने भुताची एकच गोष्ट दोनदा सांगितली. पहिल्यांदा २००४ मध्ये, मनिलात, टॅगालॉग भाषेत. त्या चित्रपटाचं नाव ‘सिगाव’, म्हणजे किंकाळी. दुसऱ्यांदा चार वर्षांनी, इंग्रजीत, न्यूयॉर्कमध्ये घडणारी गोष्ट म्हणून. तिचं नाव ‘दि एको’. दिग्दर्शक तोच, कथेचा सांगाडा तोच. शेजारच्या घरात मार खाणाऱ्या बाईच्या भूमिकेत दोन्ही वेळा इझा काल्झाडोच. बाकी जवळपास सगळं बदललं.

पडद्यामागची गोष्ट म्हटलं की मेकअप, कृत्रिम रक्त आणि सेटवरचे किस्से आठवतात. या प्रकरणात मला ओढ आहे ती लेखनाच्या टेबलावर झालेल्या निर्णयांची. एक इमारत उचलून दुसऱ्या देशात ठेवायची ठरली, तेव्हा तिच्यात राहणारी माणसं कोण असावीत, हे नव्याने ठरवावं लागलं. त्या ठरवण्यात काय कमावलं आणि काय गमावलं, याचा हा अभ्यास.

मूळ गोष्ट

मार्विन (रिचर्ड गुटिएरेझ) हा तरुण एका जुन्या इमारतीत नुकताच राहायला आलेला आहे. जागा त्याने स्वतःच्या पैशांनी घेतली आहे. पिंकी (एंजल लॉक्सिन) ही त्याची मैत्रीण. त्याच मजल्यावर बर्ट नावाचा पोलीस, त्याची बायको अ‍ॅना आणि लहान मुलगी लारा. बर्ट बायकोला मारतो आणि मजलाभर ते ऐकू येतं. हळूहळू मार्विनला कळतं की तो जे ऐकतो आहे ते आत्ता घडत नाहीये, कधीच घडून गेलं आहे. शेजाऱ्यांनी तेव्हाही ऐकलं होतं आणि मध्ये कुणी पडलं नव्हतं. तो आवाज आता इमारतीत राहून गेला आहे, आणि जो ऐकतो त्याच्या मागे लागतो.

भूतकथा म्हणून ही रचना फार पक्की आहे. बहुतेक भुतं बदला घेतात तो मारणाऱ्याचा. इथे भुताचा हिशेब ऐकणाऱ्यांशी आहे.

‘सिगाव’ मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हलमध्ये लागला. १९७५ पासून चालत आलेला हा महोत्सव नाताळाच्या दिवशी सुरू होतो आणि त्या काळात राजधानीतल्या थिएटरांत स्थानिक चित्रपटच दाखवले जातात. आपल्याकडे दिवाळीत घरदार घेऊन चित्रपटाला जावं, तशी तिथे डिसेंबरअखेर कुटुंबं जातात, आणि त्या गर्दीत भयपटाला हक्काची जागा असते. म्हणजे घरगुती मारहाणीची ही गोष्ट सणाच्या दिवसांत, आईबाप आणि पोरं एका ओळीत बसून बघत होती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच वर्षाच्या मार्चमध्ये फिलिपिन्समध्ये एक कायदा झाला होता.

प्रजासत्ताक अधिनियम ९२६२, स्त्रिया आणि त्यांच्या मुलांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा, ८ मार्च २००४ रोजी मंजूर झाला. त्याचं २५ वं कलम म्हणतं की हा सार्वजनिक गुन्हा आहे. ज्या नागरिकाला घटनेची प्रत्यक्ष माहिती आहे तो कुणीही तक्रार करू शकतो, पीडितेनेच करायला हवी असं नाही. ३४ वं कलम त्याहून पुढे जातं. मारहाण चालू असताना कुणी मध्ये पडला आणि बाईला वाचवायला गरजेपुरतंच बळ वापरलं, तर त्याच्यावर फौजदारी, दिवाणी किंवा प्रशासकीय जबाबदारी येत नाही. वस्तीपातळीवरच्या बरांगाय प्रमुखाकडून १५ दिवसांचा संरक्षण आदेशही मिळतो. थोडक्यात, त्या वर्षी फिलिपिनो राज्याने शेजाऱ्याला सांगितलं की भिंतीपलीकडे जे चाललंय ते तुझंही काम आहे. वर्ष संपता संपता थिएटरात एक चित्रपट आला, ज्यात हे काम न केलेल्या शेजाऱ्यांना भूत धरतं. दिग्दर्शकाने कायदा समोर ठेवून पटकथा लिहिली असा माझा दावा अजिबात नाही. पण प्रेक्षकाच्या डोक्यात हा प्रश्न तेव्हा ताजा होता, एवढं नक्की. ‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ हे आपण जितक्या सहज म्हणतो, तितक्याच सहज मनिलातही म्हटलं जातं.

हक्क, पैसा आणि मुहूर्त

‘सिगाव’कडे हॉलिवूडचं लक्ष गेलं ते व्हर्टिगो एंटरटेनमेंटचे रॉय ली आणि डग डेव्हिसन यांच्यामुळे. ली मुळात वकील. आशियाई चित्रपटांचे रिमेक-हक्क मिळवून ते अमेरिकी स्टुडिओंना विकायचे, हा धंदा त्यांनी उभा केला. २००२ च्या ‘द रिंग’ या जपानी चित्रपटाच्या रिमेकने जगभर सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. २००४ चा ‘द ग्रज’ सुमारे १ कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने १८ कोटींच्या वर कमाई केली. हे आकडे डोळ्यांसमोर असताना जपान, कोरिया, थायलंड, हाँगकाँग पालथे घातले गेले. मनिलाचा नंबर त्यानंतर लागला.

मूळ दिग्दर्शकालाच रिमेक करायला देणं तेव्हा अगदी नवं नव्हतं. ‘द ग्रज’ ताकाशी शिमिझू यांनी केला, तो त्यांच्याच जपानी मालिकेवरून. पण शिमिझूंनी घर टोकियोतच ठेवलं आणि अमेरिकी पात्रांना तिथे नेलं. घराचा जिना, माळा, कपाटाची सरकती दारं, सगळं जसंच्या तसं राहिलं. परक्या शहरात हरवलेली अमेरिकी माणसं हा भीतीचा आणखी एक पदर फुकटात मिळाला. लारानासपुढे उलटं काम होतं. त्याची इमारतच स्थलांतर करणार होती. त्यामुळे शिमिझूंना जो प्रश्न पडला नाही तो त्याच्या वाट्याला आला: ही माणसं न्यूयॉर्कमध्ये गप्प का बसतील?

गप्प बसायला कारण

एरिक बर्न्ट आणि शिंतारो शिमोसावा यांच्या पटकथेने या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे बॉबी (जेसी ब्रॅडफर्ड). तो मार्विनसारखा नव्या घराचा मालक नाही. एका माणसाच्या मृत्यूबद्दल शिक्षा भोगून तो पॅरोलवर सुटला आहे, आणि जिथे आई वारली त्या तिच्या जुन्या घरात येऊन राहिला आहे. शेवटच्या दिवसांत आईने स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. नोकरी मिळवायची, दुरावलेल्या मैत्रिणीला परत मनवायचं, आणि काही झालं तरी पुन्हा लफड्यात पडायचं नाही, इतकंच त्याचं आयुष्य.

कारागिरी म्हणून हा बदल उत्तम आहे. न्यूयॉर्क राज्यात पॅरोलवर सुटलेल्या माणसाने पोलिसांशी कुठल्याही कारणाने संबंध आला तर तो आपल्या पॅरोल अधिकाऱ्याला लगेच कळवायचा असतो, अशी अटच आहे. म्हणजे शेजारच्या बाईसाठी पोलिसांना फोन करणं हीसुद्धा बॉबीसाठी जोखीम. त्यात मारणारा वॉल्टर (केव्हिन डुरँड) स्वतः पोलीस. मनिलातून आणलेली ही एक गोष्ट न्यूयॉर्कमध्ये दुप्पट काम करते. गणवेशातला माणूस आणि तुरुंगातून सुटलेला माणूस समोरासमोर आले, तर कुणाचं ऐकलं जाईल हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. बॉबी दाराशी जातो, कान देतो, मागे फिरतो, आणि त्या प्रत्येक वेळी त्याच्या पायात काय अडकलं आहे ते आपल्याला दिसतं.

आणि माझी तक्रार नेमकी इथेच आहे. मार्विनकडे असं काहीच नव्हतं. कामाला जाणारा, मैत्रिणीसोबत हसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा साधा मुलगा. शेजारी आवाज आला की तो दचकायचा आणि दार लावून घ्यायचा. त्याच्या गप्प बसण्याला नाव देण्याजोगं कारण नव्हतं, म्हणून थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला आपण मार्विन आहोत असं वाटू शकत होतं. बॉबीबद्दल आपल्याला सहानुभूती वाटते. आपण बॉबी आहोत असं सहसा वाटत नाही. पटकथेने नायकाला भक्कम कारण दिलं आणि त्याच हाताने प्रेक्षकाला सुटकेची वाट करून दिली. हॉलिवूडच्या पटकथालेखनात प्रत्येक कृतीला आणि अकृतीलाही प्रेरणा हवी असा दंडक असतो. इतर गोष्टींत तो उपयोगी पडतो. या गोष्टीच्या मात्र तो मुळावर येतो, कारण हिचा सगळा धाक विनाकारण गप्प बसण्यात आहे.

विनाकारण गप्प बसणं म्हटलं की न्यूयॉर्कचीच एक जुनी घटना आठवते. १३ मार्च १९६४ च्या पहाटे क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या इमारतीजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात छापून आलं की ३८ शेजाऱ्यांनी पाहिलं आणि कुणी पोलिसांना बोलावलं नाही. ती बातमी बरीच फुगवलेली होती हे पुढे सिद्ध झालं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मात्र टिकून आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत एकटं बसवलं आणि आवाजयंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला सांगितलं. बोलता बोलता एका आवाजाला झटका येतो, तो गुदमरतो, मदत मागतो. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. या प्रयोगात कुणी काही पाहिलेलं नव्हतं. होता तो नुसता आवाज, बंद खोलीत येणारा, आणि इतर कुणीतरी ऐकतच असेल ही समजूत. लारानासच्या इमारतीचा नकाशा याहून वेगळा नाही. उठून न गेलेल्या त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी पॅरोलवर नव्हतं.

भिंत आणि आवाज

लारानास मूळचा छायालेखक. त्यामुळे त्याच्या कामाची चर्चा लांबलचक मार्गिका, अर्धवट उघडी दारं आणि पिवळट दिव्यांभोवती फिरते. पण या दोन्ही चित्रपटांचा कणा आवाज आहे, आणि रिमेकमध्ये सगळ्यात कमी नुकसान झालं तेही आवाजाचंच. त्याला साधं भौतिक कारण आहे.

भिंत सगळे आवाज सारखे अडवत नाही. वरच्या पट्टीतल्या लहरी ती गिळते, खालच्या पट्टीतल्या पलीकडे जाऊ देते. बोलणं समजतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि ‘स’, ‘च’, ‘त’, ‘क’ यांची धार वरच्या पट्टीत असते. ती भिंतीत राहते. पलीकडे पोचतो तो स्वरांचा चढउतार, पुरुषाच्या आवाजातला खर्ज, काहीतरी जमिनीवर आदळल्याचा धप्प आवाज, ओढत नेलेलं फर्निचर. शब्द कळत नाहीत, राग कळतो. चाळीत किंवा जुन्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुणालाही हे माहीत आहे. असा आवाज टॅगालॉगमध्ये असो की इंग्रजीत, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही.

चित्रपटात असा आवाज तयार करायच्या दोन सर्वमान्य रीती आहेत. एक म्हणजे कलाकारांचा आवाज स्वच्छ ध्वनिमुद्रित करून नंतर त्यातल्या वरच्या लहरी फिल्टरने कापायच्या. दुसरी जास्त कष्टाची: तो आवाज एका खोलीत स्पीकरवर वाजवायचा आणि बाजूच्या खोलीत मायक्रोफोन ठेवून पुन्हा मुद्रित करायचा, म्हणजे खऱ्या भिंतीचा, खऱ्या पोकळीचा रंग त्यावर चढतो. अमेरिकी ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी १९७० च्या दशकात ही दुसरी रीत हॉलिवूडमध्ये रुळवली. कुठलीही वापरली तरी खरा निर्णय ध्वनिसंयोजकाला मात्रेचा घ्यावा लागतो. आवाज फार कापला तर तो मारहाणीचा आहे हेच कळत नाही, कमी कापला तर भिंत नाहीशी होते. शब्द जवळजवळ कळताहेत असं वाटावं आणि कळू नयेत, त्या काठावर आवाज ठेवला की प्रेक्षक आपोआप पुढे झुकतो. तोही कान देऊ लागतो. आणि एकदा कान दिला की ‘मला ऐकूच आलं नाही’ म्हणायची सोय संपते.

इमारत बदलल्याने एक गोष्ट मात्र बदलते. मनिलाच्या दमट हवेत खिडक्या, झरोके उघडे असतात. आवाज भिंतीतून कमी आणि बाहेरून, जिन्यातून जास्त फिरतो, आणि सगळ्यांनी ऐकलं हे सगळ्यांना माहीत असतं. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या भिंती, लाकडी जमिनी, वाफेच्या तापकांचे खडखडणारे पाइप असतात. खिडक्या बंद ठेवल्या तरी आवाज इमारतीच्या हाडांतून प्रवास करतो आणि नेमका कुठून आला ते सांगता येत नाही. रिमेकमध्ये बॉबी भिंतींना कान लावत हिंडतो ते या घराला शोभतं. मात्र मनिलातली ती उघडी, सामूहिक लाज इथे खाजगी भ्रमाच्या जवळ जाते. ‘मलाच ऐकू येतंय का?’ हा बॉबीचा प्रश्न मार्विनच्या प्रश्नापेक्षा एकाकी आहे.

इझा काल्झाडो दुसऱ्यांदा

रिमेकमधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय निवडीचा आहे. मनिलात अ‍ॅना झालेली इझा न्यूयॉर्कमध्ये जीना होते. मनिलातली अ‍ॅना तिच्या शेजाऱ्यांसारखीच दिसणारी, त्यांच्याच भाषेत रडणारी बाई होती. न्यूयॉर्कमध्ये तोच चेहरा त्या मजल्यावरच्या इतरांपेक्षा वेगळा आहे. गोऱ्या पोलीस नवऱ्याची आशियाई बायको. पटकथा यावर फारसं भाष्य करत नाही. पण चेहरा बोलतो, आणि तो बघताना एक मोठा इतिहास मागे उभा राहतो.

अमेरिकी पुरुषाशी लग्न करून गेलेल्या फिलिपिनो स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकींचं तिथे राहणं सुरुवातीची वर्षं नवऱ्याच्या सहीवर अवलंबून असतं. १९९५ मध्ये सिएटलच्या न्यायालयाच्या इमारतीत अशाच एका गरोदर फिलिपिनो पत्नीला तिच्या अमेरिकी नवऱ्याने गोळ्या घातल्या. तिच्यासोबत आलेल्या दोन मैत्रिणीही त्याच्या गोळ्यांनी मेल्या. विवाह जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलालांवर बंधनं घालणाऱ्या अमेरिकी कायद्यावर २००६ च्या जानेवारीत सही झाली, त्यामागे या आणि अशा खुनांचा रेटा होता. ‘दि एको’ त्यानंतर दोन वर्षांनी आला.

हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, कमावण्याची परवानगी नसलेली, माहेर बारा हजार किलोमीटरवर असलेली बाई भिंतीपलीकडे ओरडली तर काय होतं, हे या संस्थांच्या कार्यकर्त्यांना कुठल्याही पटकथालेखकापेक्षा चांगलं माहीत आहे.

म्हणून मला फार वाटतं की रिमेकने बॉबीच्या पॅरोलवर खर्च केलेला वेळ जीनाच्या स्थलांतरावर खर्च करायला हवा होता. ती इथे कशी आली? दार ठोठावताना तिच्या तोंडून आधी कुठली भाषा येते? मजल्यावरच्यांनी ते ‘त्यांच्यातलं काहीतरी’ म्हणून सोडून दिलं का? हे प्रश्न विचारले असते तर न्यूयॉर्कची इमारत स्वतःच्या पायावर उभी राहिली असती, मनिलाची नक्कल म्हणून ती बघावी लागली नसती. इझाची निवड झाली तेव्हाच ते दार किलकिलं झालं होतं. लिहिणाऱ्यांनी ते पुरतं उघडलं नाही. तरीही तिच्या अभिनयात काहीतरी पोचतं. मार खाताना ती मुलीकडे बघते, नवऱ्याकडे नाही. मार चुकवण्याआधी मूल कुठे आहे ते बघायचं, ही सवय तिने दोन्ही देशांत तशीच ठेवली आहे.

उशीर

बाजाराच्या बाजूने सांगण्यासारखं थोडंच आहे. २००८ साल उजाडेपर्यंत आशियाई रिमेकांची लाट ओसरली होती. त्या एका वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ‘वन मिस्ड कॉल’, ‘द आय’ आणि ‘शटर’ असे तीन रिमेक लागोपाठ आले आणि समीक्षकांनी तिन्ही झोडपले. लांब काळ्या केसांचं भूत पाहून प्रेक्षक दचकेनासा झाला होता. ‘दि एको’ला अमेरिकेत थिएटरांतलं मोठं प्रदर्शन मिळालं नाही. तिथे तो डीव्हीडीवरून पोचला. संयत, हळू चालीचा, शहराच्या एकटेपणावर बेतलेला हा चित्रपट भूत अंगावर उड्या मारेल या अपेक्षेने घरी आणला गेला, आणि अनेकांनी तसाच अर्ध्यावर बंद केला असेल.

योगायोग असा की त्याच २००८ मध्ये आपल्याकडे ‘बेल बजाओ’ ही मोहीम सुरू झाली. तिच्या जाहिरातींत शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, पुरुष किंवा मुलगा उठतो, त्या घराची बेल वाजवतो आणि वाटीभर दूध किंवा एक फोन करायची परवानगी मागतो. आत शांतता पसरते. काही सेकंदांच्या त्या जाहिरातीत भूत नाही, पॅरोल नाही, पार्श्वसंगीताचा दणका नाही. पण ‘सिगाव’मध्ये जे कुणी केलं नाही, तेवढंच तिच्यात घडतं. मार्विनने करायला हवं होतं ते इतकंच होतं.

लारानास मनिलाला परतला. २०११ मध्ये त्याने ‘द रोड’ हा भयपट केला. नाव इंग्रजी, चित्रपट फिलिपिनो, कलाकार तिथलेच, गोष्ट एका ओसाड रस्त्याची आणि तीन वेगवेगळ्या काळांतल्या गुन्ह्यांची. या वेळी कुणी रिमेक-हक्क घेऊन इमारत किंवा रस्ता हलवला नाही. मे २०१२ मध्ये तो चित्रपट होता तसा, उपशीर्षकांसह, अमेरिका आणि कॅनडाच्या थिएटरांत लागला. इंग्रजीत, न्यूयॉर्कमध्ये, हॉलिवूडच्या निर्मात्यांसह केलेल्या ‘दि एको’ला अमेरिकेत जे मिळालं नव्हतं, ते या चित्रपटाला स्वतःच्या भाषेत मिळालं. त्यातही बंद दारामागे कोंडलेलं एक मूल आहे, आणि घराबाहेरच्या कुणीही ते दार उघडत नाही.